गुडघा का दुखतो, हे फॉर्मवर कुठं लिहायचं?

(ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम मजुरांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या ऑनलाइन बैठकीत केलेलं हे बोलणं. लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)



मला विषय दिलाय तो असा: अमेरिकेत शेतमजुरांच्या आणि खेड्यातल्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास एथ्नोग्राफीनं कसा करतात, आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला, पुण्यात हिंजवडीकडं सात-आठ वर्षं साइटवर काढली, आणि आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या जवळ घरबांधणीच्या कामावर सुपरवायझर आहे. माझ्याकडं सळई बांधायला, काँक्रीट ओतायला येणारी बरीच माणसं आधी शेतात होती. द्राक्षं, बदाम, खरबूज, स्ट्रॉबेरी. त्यातले काही मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातले आदिवासी आहेत. त्यांची घरची भाषा स्पॅनिश नाही, मिश्तेक किंवा त्रिकी आहे. हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. मेक्सिकन म्हणजे स्पॅनिश, एवढंच डोक्यात होतं. आपल्याकडं महाराष्ट्रातला मजूर म्हणजे मराठी असं लोक धरून चालतात, आणि तळोद्याकडून आलेल्या टोळीत घरात पावरी बोलतात. तसंच हे.

एथ्नोग्राफीला मराठीत पुस्तकी शब्द आहेत, पण मी हाच वापरतो. अर्थ सोपा आहे. ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचं, त्यांच्यात जाऊन राहायचं. एक दिवस नाही, हंगामच्या हंगाम. ते करतात ते काम करायचं, ते खातात ते खायचं, ते जातात त्या दवाखान्यात त्यांच्या बाजूला बसायचं, आणि रोज रात्री वहीत लिहायचं. प्रश्नावली घेऊन गेलं की आपण ठरवलेल्या प्रश्नांचीच उत्तरं मिळतात. सोबत राहिलं की जे प्रश्न आपल्याला सुचलेच नव्हते ते दिसायला लागतात.

आता एक खरं उदाहरण घेऊ, आणि त्यातच जरा जास्त वेळ घालवू.

सेथ होम्स नावाचा माणूस. डॉक्टरकी आणि मानववंशशास्त्र, दोन्ही शिकलेला. २००३-०४ च्या सुमाराला त्यानं साधारण दीड वर्ष त्रिकी मजुरांबरोबर काढलं. ही माणसं एका जागी नसतात. उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी तोडायची. हिवाळ्यात कॅलिफोर्नियात मडेराकडं येऊन द्राक्षवेलींची छाटणी करायची. आणि जमलं तर मध्येच वाहाकातल्या डोंगरातल्या गावी जाऊन यायचं. होम्स या सगळ्या फेऱ्यात त्यांच्याबरोबर फिरला. स्कॅजिटला मळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत राहिला. मडेराला तीन बेडरूम आणि एका बाथरूमच्या घरात चार कुटुंबांबरोबर राहिला, सगळे मिळून एकोणीस जण. २००४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर वाळवंटातून चालत सीमा ओलांडली आणि ॲरिझोनात पकडला गेला. सोबतच्यांना परत पाठवलं. हा सुटला, कारण हा अमेरिकन. यावर २०१३ मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'फ्रेश फ्रूट, ब्रोकन बॉडीज'. मला ते इथल्या सरकारी वाचनालयात मिळालं. इंग्रजी जड आहे, पण मधली प्रकरणं साइटवर काम केलेल्या कुणालाही कळतील.

मजुरीचा हिशोब आधी बघा, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं. स्ट्रॉबेरीला पौंडामागं १४ सेंट. राज्याचं किमान वेतन तेव्हा तासाला सात डॉलरच्या थोडं वर. मग मालकाला कायदा पाळायचा तर माणसानं तासाला ५१ पौंड फळ, पानं काढून, तोडलंच पाहिजे. म्हणजे तेवीस किलो. तासाला. एकदा-दोनदा कमी पडलं की काम गेलं. किमान वेतनाचा कायदा मजुराच्या बाजूचा आहे, पण वजनावरच्या मजुरीत तोच कायदा उलटा फिरून किमान वजन बनतो. उक्त्या कामावर प्लास्टर केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

या वजनाचा शरीरावर काय परिणाम होतो? लोक सकाळी काही खात नाहीत, पाणीही पीत नाहीत, कारण लघवीला जाण्यात मिनिटं जातात आणि तेवढे पौंड जातात. कमरेत वाकून, गुडघे मुडपून, दोन्ही बाजूंना वळत सरकत जायचं, आठवड्याचे सातही दिवस. होम्स आठवड्यातून एक-दोन दिवसच तोडायचा, तरी त्याला पुढं कितीतरी दिवस गुडघे, कंबर, पाठ, डोकं, पोट, सगळं दुखायचं. आणि तो एकदाही किमान वजनाला पोचला नाही. तरी त्याला कुणी काढलं नाही, कारण तो गोरा आणि शिकलेला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्याच्या पुस्तकातलं हे सगळ्यात आवडतं. आपण त्यांच्यासारखंच काम करतोय म्हणजे त्यांच्यासारखंच जगतोय, असा आव त्यानं आणलेला नाही.

मळ्यावरची उतरंड त्यानं पायरी-पायरीनं मांडलीय. वर मालकांचं कुटुंब. खाली ऑफिसातले गोरे कर्मचारी. मग सुपरवायझर, बहुतेक लॅटिनो. वजन करणारी, कार्डावर खुणा करणारी स्थानिक गोरी शाळकरी पोरं. खाली मेक्सिकन, त्याखाली मिश्तेक, आणि तळाला त्रिकी. जितकं खाली तितकं वाकणं जास्त, पगार कमी, शिव्या जास्त आणि खोली रस्त्यापासून लांब. सुपरवायझरच्या खोल्या उबदार, तोडणाऱ्यांच्या खोल्यांना नुसता पत्रा. मधल्या पायरीवरच्यांना याचं काही वाटत नाही, कारण त्यांच्याकडं कारण तयार असतं. ही आदिवासी माणसं बुटकी आहेत, जमिनीच्या जवळ आहेत, वाकून काम त्यांना आवडतंच, असं तिथं सहज बोललं जायचं. 'बाई, त्यांना सवय असते उन्हाची' हे वाक्य मी पुण्यात सोसायटीच्या गेटवर ऐकलंय. भाषा वेगळी, काम तेच.

हे मी वाचलं तेव्हा त्या उतरंडीत माझी पायरी कुठली ते शोधायला वेळ लागला नाही. सुपरवायझर. मालक आकडा देतो, मी तो खाली देतो. होम्सनं मधल्या माणसांना राक्षस केलेलं नाही. मालकही दूरच्या देशातल्या स्वस्त स्ट्रॉबेरीशी झगडत असतात, हेही तो सांगतो. पण प्रत्येक पायरीला फक्त आपल्या वरच्याची भीती दिसते आणि खालच्याचं दुखणं दिसत नाही, हे त्यानं नेमकं पकडलंय.

आता दवाखाना. पुस्तकात तिघांच्या गोष्टी आहेत, नावं बदललेली.

पहिला आबेलिनो. तोडताना वळला आणि गुडघ्यात जीवघेणी कळ आली. सुपरवायझरला सांगितलं, तो गाडी घेऊन निघून गेला. डॉक्टरनं हलकं काम द्या म्हणून सांगितलं. मळ्याच्या ऑफिसात गेला तर हलकं काम नाही, आणि का नाही याला उत्तर नाही. शेवटी तो एका तज्ज्ञ डॉक्टरकडं पोचला. तिथं निष्कर्ष निघाला की हा माणूस चुकीच्या पद्धतीनं वाकतो. तासाला तेवीस किलोचा विषयच निघाला नाही.

दुसरा क्रेसेन्सिओ. त्याचं डोकं असह्य दुखायचं, आणि कधी दुखतं तेही त्याला पक्कं माहीत होतं: मळ्यावर कुणी जातीवरून शिव्या दिल्या, घाण बोललं, की सुरू. दवाखान्यात मात्र विषय त्याच्या रागाचा आणि दारूचा झाला.

तिसरा बर्नार्दो, पोटदुखीचा. त्याला गावाकडं सैनिकांनी पोटात मारलं होतं. भाषेच्या गोंधळात डॉक्टरांच्या कागदावर नोंद झाली की हा जुना बॉक्सर आहे.

यात डॉक्टर वाईट होते का? नाही. स्थलांतरितांच्या दवाखान्यात मन लावून काम करणारी माणसं होती. पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं, एक शरीर आणि एक फॉर्म. मळा खोलीत येत नाही. होम्स मळ्यावरही होता आणि दवाखान्यातही, म्हणून त्याला दोन्ही टोकं जोडता आली. एथ्नोग्राफीचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

माझ्या कामातला फॉर्मही बघा. अमेरिकेत कामावर कुणाला इजा झाली की ओशाचा ३०१ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. त्यात विचारतात: घटनेच्या अगदी आधी कामगार काय करत होता? काय घडलं? कुठल्या वस्तूनं इजा झाली? फॉर्म चांगला आहे. शिडीवरून पडला, करवतीनं कापलं, यासाठी तो बरोबर बसतो. पण अकरा हंगाम स्ट्रॉबेरी तोडून आलेला माणूस माझ्याकडं सळईच्या जाळीवर वाकून तारा बांधतो, आणि एके दिवशी त्याला उठता येत नाही. घटनेच्या अगदी आधी तो काय करत होता? वाकला होता. कुठल्या वस्तूनं इजा केली? त्या रकान्यात 'अकरा हंगाम' लिहिता येत नाही.

उन्हाचंही असंच. फ्रेस्नोकडं जुलैत पारा चाळिसाच्या वर जातो, आपल्या परभणी-नांदेडसारखाच. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये उन्हाचा नियम आणला. शेती आणि बांधकाम दोन्हीला तो लागू आहे. माणशी तासाला जवळजवळ लिटरभर पाणी ठेवायचं. ८० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर गेलं की सावली उभारायची. ९५ च्या वर, म्हणजे ३५ सेल्सिअसला, जास्त लक्ष ठेवायचं. कुणी मागितली तर किमान पाच मिनिटं सावलीत विश्रांती द्यायची. मी रोज सकाळी हे वाचून दाखवतो. माझ्या साइटवर पाणी असतं, सावली असते, मागितली तर विश्रांतीही मिळते.

पण विश्रांती मागतच नाही कुणी.

सारा हॉर्टन या अभ्यासक बाईंनी फ्रेस्नो काउंटीतल्याच मेंडोटा गावात वर्षानुवर्षं जाऊन-राहून खरबूज तोडणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१६ चं, 'दे लीव्ह देअर किडनीज इन द फील्ड्स'. पाणी प्या, सावलीत बसा, हा सल्ला सगळा भार मजुरावर टाकतो, आणि कामाचा वेग ज्यांनी ठरवला ते सुटतात, हा त्यांचा मुद्दा. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती कुठल्याही सर्वेक्षणात सापडणं अवघड: कागदपत्रं नसलेली बरीच माणसं दुसऱ्याच्या कागदांवर, दुसऱ्याच्या नावानं काम करतात. मग इजा झाली तर भरपाईचा अर्ज कुणाच्या नावानं करणार? अर्ज होत नाही, म्हणून नोंद होत नाही, म्हणून आकड्यात तो मळा सुरक्षित दिसतो.

माझ्या साइटवर विश्रांती का मागत नाहीत, याचं एक कारण मला फोरमनकडून कळलं. ही मंडळी वीस-पंचवीस मैलांवरून एका व्हॅनमधून येतात. व्हॅनवाल्याला रोजचे पैसे द्यायचे असतात. दुपारी बारा वाजता एकाला चक्कर आली तर त्याला घरी न्यायला व्हॅन हलत नाही. हलवायची तर सगळ्यांचा अर्धा दिवस बुडतो. म्हणून तो गप्प राहतो, आणि बाकीचे त्याचं काम वाटून घेतात. मी थेट विचारलं असतं तर 'सगळं ठीक आहे, बॉस' एवढंच उत्तर आलं असतं. फोरमनला माहीत होतं कारण तो त्याच व्हॅनमधून येतो. त्यानंतर आम्ही साइटवर एक पिकअप फक्त माणूस घरी सोडायला राखून ठेवायला लागलो. ती वापरली जाते.

म्हणून तुमच्यापैकी कुणी मला विचारलं की सुपरवायझरनं हा अभ्यास करावा का, तर मी नाही म्हणेन. हजेरी ज्याच्या हातात, त्याला माणूस खरं सांगत नाही, आणि सांगू पण नये. पाहणीला गेलात आणि मुकादमानंच टोळी गोळा करून दिली, तर ती मुलाखत मुकादमाचीच समजा. २०२० मध्ये कोविडच्या काळात कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांत शेतमजुरांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात संशोधकांच्या बरोबरीनं मजुरांच्या संघटना आणि वस्तीतल्याच कार्यकर्त्या होत्या, आदिवासी भाषा बोलणारी माणसं होती. आधी सर्वेक्षण केलं, मग सावकाश लांब मुलाखती. मला तो क्रम पटतो. आकडा आणि गोष्ट यांचं भांडण लावण्यात अर्थ नाही.

आपलंच उदाहरण घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं २०१९ मध्ये गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा नसता तर विधानभवनात कुणी मान वर केली नसती. पण आकड्यापाशी थांबलं की कारण म्हणून काय पुढं येतं? अडाणीपणा, अंधश्रद्धा, लोभी डॉक्टर. डॉक्टरांचा भाग आहेच. पण एक हंगाम फडावर राहिलेल्या माणसाला दुसरंही दिसतं: उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, एकानं खाडा केला की दोघांची मजुरी बुडून वर दंड, पालाजवळ ना संडास ना न्हाणी, पहाटे मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या. पाळीत दुखतं म्हणून दोन दिवस बसायची सोयच नसेल, तर पिशवी काढून टाकणं तिला हिशोबात बसतं. आबेलिनोला चुकीचं वाकतोस म्हणणं आणि या बाईला अडाणी म्हणणं, यात मला फरक दिसत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा पण बोलायला पाहिजेत. एका मळ्यावरचं, दीडशे-दोनशे माणसांचं बघून सगळ्या देशाचं प्रमाण सांगता येत नाही. वेळ फार लागतो, आणि कार्यकर्त्याकडं वेळच नसतो. नाव बदललं तरी लहान गावात माणूस ओळखू येतो, आणि बोलल्याबद्दल पुढच्या वर्षी त्याची उचल कापली जाऊ शकते. आणि अभ्यास करणारा शेवटी घरी जातो. होम्स कोठडीतून सुटला, त्याचे सोबती सुटले नाहीत. बेरी तोडणाऱ्यांचा भाव काही त्याच्या पुस्तकानं वाढला नाही. स्कॅजिट भागात २०१३ मध्ये मिश्तेक आणि त्रिकी मजूर स्वतः संपावर गेले, फामिलियास उनिदास पोर ला हुस्तिसिया ही त्यांची स्वतंत्र युनियन उभी राहिली, आणि चार वर्षं लढून, बहिष्काराची मोहीम चालवून २०१७ मध्ये त्यांनी लेखी करार मिळवला. शेतमजुरांना १९३५ च्या कामगार संघटना कायद्यातूनच बाहेर ठेवलेल्या देशात हे झालं. होम्सचं पुस्तक वकिलाला, डॉक्टरला, पत्रकाराला उपयोगी पडतं. करार लोकांनीच मिळवला.

तुम्हाला लगेच करता येण्यासारखं काय, हे दोन-चार वाक्यांत सांगतो आणि थांबतो. कंबर दुखते का, असं विचारू नका. 'हो' येतं आणि तिथंच संपतं. कालचा दिवस सांगा म्हणावं, उठल्यापासून झोपेपर्यंत. पाणी कुठून आणलं, किती वेळा प्यायलात, बाहेर कुठं गेलात, जेवण कधी, पोर कुणापाशी होतं. वहीत तीन गोष्टी वेगळ्या लिहा: तुम्ही डोळ्यानं बघितलेलं, त्यांनी सांगितलेलं, आणि तुम्हाला वाटलेलं. दवाखान्यात सोबत जा आणि डॉक्टर काय म्हणाले हे नंतर त्या माणसाकडून ऐका. दोन्हीतलं अंतर लिहून ठेवा. भाषा त्यांचीच असू द्या. गोरमाटी येणारी मुलगी तांड्यातच सापडते, दहावी झालेली, आणि तिला मानधन द्या, फुकट राबवू नका. नावं पहिल्या दिवसापासून बदलून लिहा, वही मुकादमाच्या हाती लागली तरी चालेल अशी.

टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. त्याआधीचे दोन महिने माणसं गावात असतात, जरा निवांत असतात, आणि मागच्या हंगामाचं अजून आठवत असतं. सुरुवात तिथून करा. माझ्याकडं वहीच्या पानांचा एक साधा नमुना आहे, मराठीत केलाय. ज्यांना पाहिजे त्यांनी आयोजकांकडं सांगा, मी पाठवतो. आता प्रश्न घेऊ.